‘नॉइज’ एवढाच रकाना: आप्पांच्या आयपॉडसाठी अ‍ॅम्प्लिफायर घेताना

आप्पांचा आयपॉड क्लासिक आमच्याकडे अजून चालतो. १६० जीबीचा आहे. गाणी साठवून ऐकायच्या प्लेअरचं हे मॉडेल अ‍ॅपल कंपनीनं २०१४ मध्ये बंद केलं. निवृत्तीनंतर आप्पांनी घरातल्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या आणि यात भरल्या. त्यात कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं सगळ्यात जास्त. कुमारजी आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, हे आप्पा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. आप्पा गेल्यावर ते इअरफोन लावून एकटीनं ऐकणं मला सोसेना. आईलाही ऐकायचं होतं. जुने स्पीकर माळ्यावर चांगले होते, फक्त अ‍ॅम्प्लिफायर जळालेला. तेवढा नवीन आणायचा होता. त्याला अडीच महिने लागले, आणि त्यातले तेवीस दिवस कसे गेले ते सांगायला हे लिहितेय.

खरेदी तशी पटकन झाली. खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत जिथं जाईल तिथं आधी साउंडबारच दाखवायचे. “ब्लूटूथ आहे की मॅडम, वायरची कटकटच नाही.” या आयपॉडला ब्लूटूथ नाही, हे प्रत्येक ठिकाणी सांगावं लागलं. एकानं हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर काढून दिला. तो इअरफोनसाठी असतो, त्यानं स्पीकर चालत नाहीत. हा घोटाळा ऑनलाइन घेतानाही होतो, लक्ष ठेवा. खोक्यावर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. आमचे स्पीकर ८ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल. म्हणजे १ वॉट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. पुढं वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून १६ वॉटला ९९. बारा बाय चौदाच्या खोलीत त्याहून जास्त कुणाला हवंय? मी दर चॅनेलला ५० वॉटचा साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आयपॉड त्याच्या डॉकवर म्हणजे स्टँडवर बसवला, डॉकच्या मागून वायर अ‍ॅम्प्लिफायरला दिली, भजन लावलं. सुरुवातीचा तंबोरा सुरू झाला आणि त्याच्या खर्जाखाली एक घुर्र घुर्र. गाणं थांबवलं तरी घुर्र चालूच. आई म्हणाली, “फ्रिजचा आवाज आहे का गं?” फ्रिज बंद करून पाहिला. फ्रिजचा नव्हता.

दुकानदार म्हणाले, वॉरंटीत आहे, सर्व्हिस सेंटरला द्या. तिथं काउंटरवरच्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये जॉबकार्ड उघडलं. मी सांगितलं, घरघर येते, आयपॉड जोडलेला असताना येते, गाणं बंद असलं तरी येते. त्यानं सगळं ऐकलं आणि एक शब्द टाकला: नॉइज.

“अहो, आयपॉड जोडल्यावर येते असं लिहा ना.”

“तसं लिहायला जागा नाही मॅडम. सिस्टिममध्ये चारच ऑप्शन आहेत. नो पॉवर, नो साउंड, नॉइज, फिजिकल डॅमेज.”

“मग कागदावर लिहून आत ठेवते.”

“खोक्यात दुसरं काही घालायचं नाही.”

आयपॉड आणि डॉक पिशवीत होते. तिथंच जोडून दाखवते म्हटलं, तर काउंटरवर टेस्टिंग होत नाही. माल हुबळीला जातो, टेस्टिंग तिकडे. सात दिवस सांगितले. आठव्या दिवशी फोन केला: “हुबळीला गेलंय.” बाराव्या दिवशी: “पार्ट यायचाय.” कुठला पार्ट? ते त्याला माहीत नव्हतं. सतराव्या दिवशी शाळेतून रिक्षा करून स्वतः गेले, तर काउंटरवर दुसराच मुलगा. त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि त्यानं स्क्रीनकडे बघत मला वाचून दाखवलं, “नॉइज.” तेविसाव्या दिवशी खोकं मिळालं. शेरा होता, ‘नो फॉल्ट फाउंड’. दोष नाही म्हणून तपासणीचे साडेतीनशे रुपये वेगळे घेतले. मग पार्ट कशाचा यायचा होता, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

घरी आणून जोडला. घुर्र.

खरं सांगते, मी रडकुंडीला आले. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोष नाही हे त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं, म्हणून तर जास्त चीड येते. माझं एक वाक्य कुणी लिहून घेतलं असतं, तर तेवीस दिवसांचं काम दोन मिनिटांत झालं असतं.

झालंही तसंच. आमच्या शहापुरातल्या गल्लीत एक अण्णा आहेत, गणपतीत मंडळांना साउंड लावतात. ते आईला भेटायला आले होते, मी भजन लावलं. त्यांनी कान दिला, उठून डॉकच्या मागं हात घातला आणि म्हणाले, “ह्यो चार्जर काढ बघू.” काढला. घरघर गेली. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. आई काहीच बोलली नाही, नुसती पदर डोळ्याला लावून बसली.

अण्णांनी समजावलं ते असं: अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंग. चार्जर दोन पिनांचा. स्वस्त चार्जरमधून थोडासा करंट गळत असतो आणि तो अर्थिंगपर्यंत जायला वाट शोधतो. आमच्याकडे त्याला गाण्याच्याच वायरची वाट सापडली, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाण्यासारखाच मोठा करत होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घुर्र खर्जात येऊन बसते.

तेव्हा सर्व्हिस सेंटरची पायरी चढायच्या आधी हे करा. प्लेअरचा चार्जर काढून पाहा. घरघर गेली तर काम झालं. नाही गेली तर प्लेअरची वायरच अ‍ॅम्प्लिफायरमधून उपटा. मग शांत झालं तर अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे, दोष वायरीत किंवा प्लेअरकडे आहे. काही न जोडताही मोठी घरघर येत असेल, तरच तो दुरुस्तीला न्या, आणि ती घरघर मोबाईलवर रेकॉर्ड करून न्या.

एका वायरमननं मला अ‍ॅम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाकायला सांगितलं होतं. घरघर त्यानं जातेही. पण आत कुठं वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. ती पिन कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. अशी घरघर अडवायला ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून एक छोटी डबी मिळते, आत ट्रान्सफॉर्मर असतात, ती वायरीच्या मध्ये लावायची. मी स्वस्तातली आणून पाहिली. घरघर गेली, पण तंबोऱ्याचा खर्जही बारीक झाला, म्हणून काढून ठेवली. आता आयपॉड रात्री चार्ज करते आणि सकाळी चार्जरशिवाय लावते.

राहिलेलं एक सांगते. तुमच्या प्लेअरला डॉक नसेल तर ३.५ मिमीच्या हेडफोन जॅकमधून दोन आरसीए पिनांची (लाल-पांढऱ्या गोल पिनांची) वायर घ्या. पिवळी पिन असलेली टीव्हीची वायर घेऊ नका. प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा. वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात लावा. ‘फोनो’ लिहिलेलं भोक तबकडीच्या प्लेअरचं असतं, तिथं लावलं तर आवाज फाटतो.

आणि आयपॉड क्लासिकमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते, ती एक दिवस जाणार. मी मागच्या रविवारी आप्पांचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून दोन पेनड्राइव्हवर घेतलं. एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात आहे.