तुम्ही विचारलंत म्हणून: जंतूला जंतू कसा ओळखतो?

"मॅडम, जंतूच जंतूले मारते म्हंता, मंग त्याले समजते कसं, कोनाले मारायचं?"

यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावी मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला वर्गात कमी आणि एसटीत जास्त विचारतात.

त्याला काहीच समजत नाही, हे पहिलं उत्तर. मारणारं असतं ते एक प्रथिन. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा एक वाण दुसऱ्याची वाढ थांबवतो, हे १९२५ मध्ये बेल्जियमचे शास्त्रज्ञ आंद्रे ग्राशिया यांना दिसलं. अशा प्रथिनांना पुढे कोलिसिन म्हणू लागले. खरी गंमत त्यांच्या विषात नाही, आत शिरण्यात आहे.

ई. कोलायच्या बाहेरच्या पडद्यावर बीटीयूबी नावाचा रिसेप्टर, म्हणजे पकडणारं प्रथिन, असतो. त्याचं काम बी-१२ जीवनसत्त्व धरून आत घेण्याचं. बी-१२ दुर्मीळ, म्हणून पकडही घट्ट. ई गटातली कोलिसिनं (ई१, ई२, ई३ वगैरे) नेमकी तिथेच चिकटतात. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की आमच्याकडे कोण आलं हे न बघता दार उघडतं, तसंच. कोलिसिनाचा मधला भाग रिसेप्टर धरून राहतो. पुढचं सैलसर टोक, ई२ आणि ई३ मध्ये, शेजारच्या ओएमपीएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या छिद्रातून आत सरकतं आणि पेशीच्याच टॉल नावाच्या प्रथिनांच्या यंत्रणेला जाऊन भिडतं. मारण्याचं काम मागच्या भागाचं. ई१ आतल्या पडद्याला भोक पाडतं, ई२ डीएनए तोडतं, ई३ रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएला एकाच जागी कापतं.

"मंग बनवनारा काहून मरत नाही?"

मरतो की! कोलिसिन बाहेर सोडताना बनवणारी पेशी बहुधा फुटते. वाचतात त्या तिच्या भावंडपेशी, कारण त्यांच्याकडे उताऱ्याचं प्रथिन असतं.

इथवर आलं की गाडी हमखास कापसावर येते. बीटी कापसातलं विषही जंतूचंच, फक्त ते मारतं अळीला. त्यातलं क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांमध्ये त्याच कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड सापडला आहे. ई. कोलायही अशीच सुटका करून घेतो: बीटीयूबी गमावलेल्या पेशीला ई गटाचं कोलिसिन धरू शकत नाही. मात्र बाहेरचं बी-१२ही मग दुरावतं, आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवायला बी-१२शिवाय चालणारं, फार संथ एन्झाइम राबवावं लागतं.

एवढं होईस्तोवर विचारणाऱ्याचा थांबा येतो. उतरताना तो म्हणतो, "म्हंजे आमच्या अळीनं दारच काढून फेकलं म्हना!"

दार नेहमीच पूर्ण जातं असं नाही, कधी नुसतं वेडंवाकडं होतं. पण तेवढी दुरुस्ती मी खिडकीतून ओरडून करत नाही.