थिएसच्या वर्कशॉपमधली मोटर

सेनेगलमधल्या थिएसला एका तंत्रप्रशिक्षण केंद्रात मी मोटर कंट्रोल शिकवत होतो. थिएस हे रेल्वेचं गाव, 1947-48 चा रेल्वे कामगारांचा मोठा संप इथलाच. माझ्या वर्गातली बरीच मुलं बीएफईएम, म्हणजे दहा वर्षांच्या शाळेनंतरची परीक्षा, नापास झालेली. त्यांच्याबद्दल सगळीकडे एकच ऐकू यायचं: यांचं डोकं चालत नाही.

त्या दिवशी स्टार-डेल्टा स्टार्टर शिकवायचा होता. तो मोटर आधी स्टार जोडणीत, कमी व्होल्टेजवर सुरू करतो आणि मग डेल्टा जोडणीत, पूर्ण व्होल्टेजवर नेतो. टेबलावर मी मुद्दाम 230/400 व्होल्टची मोटर ठेवली आणि फ्रेंचमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आणि शाळेच्या भाषेत विचारलं, ‘आपला सप्लाय 400 व्होल्टचा आहे, हिला हा स्टार्टर चालेल का?’ सगळे गप्प. प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला, तरी माना खालीच.

माझे ज्येष्ठ सहकारी दाराशी उभे होते. मुलं त्यांना तोंतों म्हणत, म्हणजे काका. त्यांनी तोच प्रश्न वोलोफमध्ये, म्हणजे इथे सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषेत विचारला आणि वर्ग एकदम बोलायला लागला. कोपऱ्यातला एक मुलगा, ज्याचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता, पुढे आला आणि मोटरच्या नेमप्लेटवर बोट ठेवून हातवारे करत सांगू लागला. तोंतों मला फ्रेंचमध्ये सांगत होते: वाइंडिंग 230 ची आहे, डेल्टात तिच्यावर सरळ 400 येतील, ती जळेल, इथे ही मोटर फक्त स्टारमध्येच चालवायची, स्टार्टर लावायचा तर 400/690 ची मोटर आणा, तिची वाइंडिंग 400 ची असते. अगदी बरोबर उत्तर! नाशिकच्या आयटीआयत मराठीतून शिकवतानाही इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचितच मिळालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तोंतोंनी त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगितली. जो वोलोफ बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात एक ओंडका अडकवायचे. तो दुसऱ्या कुणाला तरी पकडून देईपर्यंत उतरत नसे. देश 1960 ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला होता, तरी ही शिक्षा चालू होती. मला संताप आला. 1817 मध्ये सेनेगलमधल्याच सेंट-लुईला झाँ दार या फ्रेंच शिक्षकाने मुलांना वोलोफमधूनच शिकवायला सुरुवात केली होती, पण ती वाट सरकारने पुढे नेली नाही. सेनेगलचे इतिहासकार आणि शास्त्रज्ञ शेख आन्ता दियॉप यांनी सापेक्षतावादसुद्धा वोलोफमध्ये मांडून दाखवला. 1957 साली स्थापन झालेल्या राजधानी डाकारच्या विद्यापीठाला 1987 पासून त्यांचं नाव आहे. तिथलं शिक्षण मात्र फ्रेंचमध्येच चालतं. मग थिएसच्या त्या मुलाने बोलायचं तरी कुठे?

दुपारी आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, ‘लेखी परीक्षा वरून ठरते, ती फ्रेंचमध्येच होणार. वर्कशॉपचे गुण मात्र तुमच्या हातात आहेत.’ आम्हाला तेवढंच हवं होतं. पुढच्या आठवड्यापासून प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा वोलोफमध्ये सुरू झाली. आकृतीवरची नावं फ्रेंचमध्ये लिहायची, कारण लेखीत तीच लागतात; आणि जोडणी तशी का व ती चालते कशी हे आपल्या भाषेत समजावून सांगायचं. वर्गात दोन मुलं घरी पुलार ही इथली दुसरी एक भाषा बोलणारी आहेत. त्यांना वोलोफ येतं, पण बाजारापुरतं. त्यांच्यासाठी पुलार येणारा प्रशिक्षक आम्ही अजून शोधतो आहोत.