गाडी तापली आणि मेकॅनिक जवळ नाही

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला की मी आधी एसी बंद करतो आणि हीटर पूर्ण वेगाने सोडतो. हीटरच्या पेटीत एक छोटा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते. आत बसलेल्यांचा जीव नकोसा होतो, पण गाडी सुरक्षित जागी घेण्यापुरती सवड बहुधा मिळते. काटा तरीही चढत राहिला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तो अचानक खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये, कारण पाणी संपून सेन्सर कोरडा पडल्यावरही काटा असाच उतरतो.

त्यानंतर किमान अर्धा तास थांबणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांचे मिश्रण उघड्यावर सुमारे 107 अंश सेल्सिअसला उकळते, परंतु रेडिएटरच्या झाकणाखालच्या दाबामुळे ते 120 अंशांपलीकडेही द्रव राहू शकते. गरम असताना झाकण काढले की दाब जातो आणि ते क्षणात उकळून अंगावर उडते. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, फडक्याने दाबून पाहावा, आणि तो टणक लागत असेल तर झाकणाला हात लावू नये.

थांबलेल्या वेळात गाडी नेमकी केव्हा तापली ते आठवावे, कारण निम्मे निदान तिथेच होते. गर्दीत तापणारी आणि वेग घेताच थंडावणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. विजेचा पंखा फिरत नसेल, तर आधी फ्यूज तपासावा आणि मग त्याच क्रमांकाचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, हॉर्नच्या जागेवरून काढून लावून पाहावा. चढावर किंवा वेगात तापत असेल, तर पाणी कमी असणे किंवा रेडिएटर चोंदलेला असणे अधिक संभवते. इंजिन तापूनही खालचा होज गार राहत असेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. बॅटरीचा दिवाही लागला असेल, तर पट्टा तुटला आहे का ते पाहावे, कारण पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर चालतात.

मात्र जुन्या गाडीत माझा पहिला संशय होजवरच असतो. होज आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका किंवा हिरवट थर दिसला की गळती सापडली असे समजावे. चीर टोकालाच असेल आणि होजला थोडी ढील असेल, तर तेवढा तुकडा कापून क्लॅम्प पुन्हा आवळणे हे कोणत्याही टेपपेक्षा भरवशाचे ठरते. पाणी इंजिन निवल्यावरच आणि थोडे थोडे ओतावे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, धुराड्यातून न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे ही हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि इंजिन यांमधले सील) गेल्याची लक्षणे आहेत, आणि तेव्हा गाडी ओढूनच न्यावी. एरवी एसी बंद ठेवून, मध्यम वेगाने, अधूनमधून थांबत पुढे जाता येते. वाटेत किती लिटर पाणी घातले ते मी लिहून ठेवतो, कारण गळती किती मोठी आहे हे त्यावरून मेकॅनिकला चटकन कळते.