एट बॉल डिलक्स: सातवा फ्लॅश अखेर आला

मंडळी, तळघरातल्या एट बॉल डिलक्स या पिनबॉल मशीनची मागची नोंद तुम्ही वाचली असेल. चालू करायचं बटण दाबलं की एमपीयू बोर्डवरचा, म्हणजे मशीनचा मेंदू असलेल्या बोर्डवरचा, एलईडी लागायचा आणि तसाच जळत राहायचा. त्यापुढची ही हकिकत.

बॅलीचा हा १९८१ चा पिनबॉल. आत एएस-२५१८-३५ हा बोर्ड, त्यावर ६८०० प्रोसेसर. चालू झाल्यावर बोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि एकेक टप्पा पार पडला की एलईडी एकदा लुकलुकतो. सुरुवातीला क्षणभर झळक, मग पहिला फ्लॅश रॉमचा, दुसरा ६८१० रॅमचा, तिसरा ५१०१ रॅमचा, चौथा-पाचवा दोन पीआयएंचा (बाकीच्या भागांशी बोलणाऱ्या चिप), सहावा डिस्प्लेच्या ५५५ टायमरचा आणि सातवा कॉइलच्या (बॉल ढकलणाऱ्या विद्युतचुंबकांच्या) ४३ व्होल्ट सप्लायचा. सात झाले की खेळ सुरू. एका एलईडीत एवढं सगळं बसवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एलईडी अडकून राहिला म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसर कामालाच लागलेला नसतो. ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही नीट येत होते, पण प्रोसेसरच्या ४० नंबरच्या पिनवर, म्हणजे प्रोसेसरला कामाला लावणाऱ्या रीसेटवर, जेमतेम अर्धा व्होल्ट. तिथे ५ च्या जवळपास हवेत. कारण उघड होतं: कोपऱ्यातली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी झरली होती आणि रीसेटचा भाग नेमका तिच्या शेजारी.

त्या बॅटरीतलं द्रव्य अल्कली असतं, म्हणून नुसत्या अल्कोहोलने भागत नाही. आधी पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी घालून, जुन्या टूथब्रशने. मग साधं पाणी, मग आयसोप्रोपिल, मग रात्रभर पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी बोर्डवरच्या वीज नेणाऱ्या, करड्या पडलेल्या पट्ट्या तांबं चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासल्या. यात घाई नको, काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही. रीसेटचे ट्रान्झिस्टर, ८.२ व्होल्टचा झेनर आणि आजूबाजूचे रेझिस्टर सरसकट नवे घातले. पिन ४० वर ४.९ व्होल्ट आले. झळक, मग एक फ्लॅश, दोन फ्लॅश, आणि थांबला.

तिसरा अडला म्हणजे ५१०१. चिप बदलण्याआधी तिच्या सॉकेटच्या पायांची कंटिन्युइटी (वीज सलग जाते का ते) पाहिली, तर एक पाय तुटका. नवं सॉकेट, जुनीच चिप, आणि सरळ सहा फ्लॅश.

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. कॉइल अडकून जळू नये म्हणून प्लेफील्डखालचा (बॉल फिरतो त्या फळीखालचा) आणि वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर बोर्डवरचा असे कॉइलचे दोन्ही फ्यूज मी आधीच काढून ठेवले होते. ते नसले की ४३ व्होल्ट बोर्डपर्यंत पोचत नाहीत, म्हणून सातवा येणारच नव्हता. सहा म्हणजे तेव्हा पूर्ण गुण. पण फ्यूज परत लावूनही सहाच! कनेक्टरपर्यंत व्होल्टेज येत होतं, त्यापुढच्या रेझिस्टरवर शून्य. मधली पट्टी हिरव्या लेपाखाली अख्खी दिसत होती. सुईने खरवडलं तर तांब्याच्या जागी भुकटी. वरून बारीक वायर टाकली, कनेक्टरच्या पिनाही नव्या बसवल्या, कारण गंज त्यांच्यातही शिरला होता.

काल रात्री साडेदहाला सात फ्लॅश मोजले. मग कॉइलचा खट्‌ आवाज आला आणि बॉल शूटरलेनमध्ये, म्हणजे सोडायच्या जागी, आला. बायको वरून धावत आली, काय पडलं म्हणून.

बोर्डवर आता बॅटरी नाही. एए सेलचा होल्डर कॅबिनेटमध्ये खाली, बोर्डापासून दूर ठेवलाय, वायरमध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून. तो विसरू नका, नाहीतर बोर्ड साध्या सेलना चार्ज करायला जातो.

उरलंय: तिसऱ्या खेळाडूच्या डिस्प्लेचा शेवटचा अंक अंधारात आहे. तिथे १७० व्होल्टच्या वर असतात, म्हणून ते काम दिवसा, दोन्ही हात मोकळे असताना.