काढून टाकलेला लॅपटॉप परत येतो तेव्हा

पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेची संगणकव्यवस्था मी सांभाळतो. पुणे, नाशिक आणि संगमनेर येथील फाइली आम्ही सिंकथिंग या मुक्त सॉफ्टवेअरने जुळत्या ठेवतो. त्यात फाइली साठवणारा मधला सर्व्हर नसतो, आमचे संगणकच त्या एकमेकांना पोहोचवतात. संगमनेरच्या एका कार्यकर्त्याचा लॅपटॉप एसटीतून चोरीला गेला, तेव्हा शेतकऱ्यांचे सातबारा उतारे आणि आधारच्या प्रती त्यात होत्या. जे गेले ते गेलेच होते. नवे काही त्यात जाऊ नये, एवढेच आमच्या हाती उरले होते.

पुण्याच्या संगणकावरील यादीतून मी तो लॅपटॉप काढला. थोड्या वेळाने तो यादीत पुन्हा हजर झाला. पुन्हा काढला, पुन्हा आला. तेवढ्यात नाशिकहून ताईंचा फोन आला, “सर, इकडेही काढला की परत येतोय.”

सिंकथिंगमध्ये प्रत्येक यंत्राची ओळख म्हणजे सात-सातच्या आठ गटांतली 56 अक्षरे व अंक, आणि जोडणीसाठी दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता द्यावी लागते. प्रत्येक नव्या यंत्रासाठी सगळीकडे हे करणे जिकिरीचे असल्याने ‘इंट्रोड्यूसर’ ही सोय आहे: ज्या यंत्रावर तशी खूण केली, ते सामायिक फोल्डरमधील त्याच्या ओळखीची यंत्रे आपल्या यादीतही जोडून देते. आमच्याकडे पुण्याने नाशिकवर आणि नाशिकने पुण्यावर अशी खूण केलेली होती. त्यामुळे एकाने काढलेले यंत्र दुसरा पुन्हा आणून देत होता. अशी परस्पर खूण करू नये, असे सिंकथिंगच्या माहितीपत्रातच बजावलेले आहे.

पुण्याच्या यंत्रावर नाशिकसमोरची खूण काढली, दोन्हीकडून लॅपटॉप हटवला आणि मग तो परतला नाही. ज्या यंत्रांवर तो पुण्यामार्फत आला होता, तेथून तो आपोआप गळाला.

दुपारच्या बैठकीत ही सोयच बंद करावी, असा आग्रह झाला. मी ठाम विरोध केला. ती बंद केली असती तर पुढच्या चोरीच्या वेळी प्रत्येक यंत्रावर हाताने नाव खोडावे लागले असते आणि त्यातले एक जरी राहिले, तरी शेतकऱ्यांचे कागद तेथून झिरपत राहिले असते. इंट्रोड्यूसर फक्त पुणे, असे ठरले. समोरून आलेले फोल्डर आपोआप स्वीकारण्याची मुभा मात्र मी सगळीकडे बंद केली.

संगमनेरच्या नव्या लॅपटॉपची ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ती गुप्त नसते, त्यामुळे त्यात धोका नव्हता. पण पाठवणारा आपलाच माणूस आहे ना, याची खात्री हवी होती. म्हणून फोन लावून त्याच्याकडून पहिला आणि शेवटचा गट वाचून घेतला, आणि मगच मान्यता दिली.