हिंगणघाट, पांढरकवडा, वणी: सर्व्हर घेऊन जिनिंगच्या लाइनीवर

नागपूरहून या लाइनीवर टॉवर सर्व्हर (ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा उभा, मुख्य कॉम्प्युटर) द्यायला जाणार असाल तर एकच सांगणं आहे: जागा बघितल्याशिवाय कोटेशन देऊ नका. फोनवर रॅम आणि डिस्क विचारून दर सांगणारे नागपूरच्या सीताबर्डीवर ढिगाने आहेत. मशीन तिथं टिकेल की नाही हे रॅमवर ठरत नाही. ते विजेवर, धुळीवर आणि उंदरांवर ठरतं.

आमची फेरी डिसेंबरातली, म्हणजे जिनिंगचा, कापसातून सरकी वेगळी काढण्याचा, ऐन हंगाम. खरं तर ही वेळ नव्हेच. पोळा झाला की पाहणी आणि दसऱ्याच्या आत बसवणी, हे गणित बरं. पण हिंगणघाटच्या एका जिनिंगमधला जुना सर्व्हर गाठींची बिलं निघत असतानाच बंद पडला, मग मुहूर्त कोण बघतो? त्याच गाडीत पांढरकवड्याचा दुसरा सर्व्हर आणि वणीचं वर्कस्टेशन टाकलं. बुटीबोरी, जामची चौफुली, हिंगणघाट, पुढे वडनेर-वडकीवरून करंजी आणि पांढरकवडा. परत करंजीला येऊन मारेगाववरून वणी, तिथून वरोऱ्यावरून पुन्हा जाम. सकाळी लवकर निघा. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जिनिंगच्या गेटातून आत शिरणं हेच एक काम होऊन बसतं.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल १ लाखाच्या वर असला की ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं. पांढरकवड्याहून आदिलाबाद जवळ म्हणून तिकडचंही गिऱ्हाईक धराल, तर राज्य बदलतं: मर्यादा ५० हजारांवर येते आणि बिलात आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, लावावा लागतो. वर्कस्टेशनचं जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात न्या. खड्ड्यांत ते स्वतःच्याच वजनाने स्लॉट मोडतं.

हिंगणघाटला जुन्या मशीनचं झाकण उघडलं. समोरच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा बोटभर थर, आणि तो इतका घट्ट की नखाने धरून ओढला तर अख्खा पापुद्रा निघून आला. आतला पंखा फिरत होता, हवा मात्र कुठूनच येत नव्हती. दिवाणजींचा माणूस लगेच गाठी बांधायच्या प्रेसकडच्या कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आला. त्याला थांबवलं. त्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं, बोर्डावर ते मारायचं नाही. साधा हातातला ब्लोअर न्या आणि तो तिथेच ठेवून या. सर्व्हरसमोर स्पंजची जाळी लावायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण स्पंज बुजला की पुन्हा तेच. काचेचं बंद केबिन, आत एसी आणि दर आठवड्याला एसीची जाळी धुणं, एवढं केलं तर पुरतं. विदर्भाच्या मे महिन्यात एसीशिवाय चालेल असं कोणी म्हणालं तर माहितीपत्रक दाखवा: बहुतेक टॉवर सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात.

मग वीज. मी विचारलं, "काकाजी, लाइन किती वेळ जाते?"

दिवाणजी म्हणाले, "जाते तं जाऊ द्या ना जी, तिचं काही नाही. वाढून आली की जीव जाते."

बरोबर बोलले. मोठ्या मोटारी सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, सगळ्या एकदम बंद झाल्या की वर उसळतं. त्याहून वाईट गोष्ट मल्टिमीटर लावल्यावर कळली. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९ व्होल्ट! सर्व्हरसाठी ते २-३ च्या आत हवेत. इथे हमखास सांगतात की अर्थिंगचा खड्डा नवा करा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो, म्हणून अर्थिंग बघायलाच हवं आणि खड्ड्यात पाणी टाकायची सवयही लावायला हवी. पण हे ९ व्होल्ट खड्ड्याने जात नाहीत. पॅनेलपासून ऑफिसपर्यंतच्या लांब न्यूट्रलवर फेजांचा असमान भार पडतो, त्याचे ते असतात. उपाय म्हणजे ऑनलाइन यूपीएस आणि सर्व्हर यांच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आत येणारी आणि बाहेर जाणारी लाइन एकमेकींपासून तोडणारा), आणि त्याच्या आउटपुटचा न्यूट्रल तिथेच अर्थला बांधणं. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नका. आणि जनरेटर चालू करून यूपीएस त्याची वीज घेतो का, ते डोळ्यांनी बघूनच निघा. छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलली की यूपीएस ती वीज नाकारतो आणि बॅटरीवरच बसून राहतो.

वजनकाट्याचं केबिन गेटापाशी, ऑफिस पार मागे. मधून तांब्याची लॅन केबल ओढलेली. अशा केबलची मर्यादा १०० मीटर, आणि पावसाळ्यात वीज कडाडली की तीच केबल स्विच आणि बोर्ड दोन्ही घेऊन जाते. दोन इमारतींच्या मधे फायबर टाका, तेही लोखंडी पाइपातून. सरकीच्या ढिगाला उंदीर येतात आणि तोंडी लावायला केबल कुरतडतात. काट्याच्या इंडिकेटरला सिरिअल पोर्ट लागतो, म्हणून काट्याच्या कॉम्प्युटरवर तो आहे का हे आधी बघा. स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर गाड्यांची रांग लागली असतानाच रुसतो.

मशीन निवडताना मी प्रोसेसरवर पैसे वाचवतो आणि ते दुसरीकडे घालतो: ईसीसी मेमरी (स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारी), दोन एसएसडी रेड-१ मधे (म्हणजे तीच माहिती दोन्ही डिस्कांवर), आणि चालू मशीनमधून बदलता येतील असे दोन पॉवर सप्लाय. पाच-सहा जणांच्या टॅलीला याहून जास्त लागत नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र शेठजींना समजावून सांगा. जिनिंगला आग लागते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, म्हणून बॅकअपची डिस्क रोज आवाराबाहेर, त्यांच्या घरी जायला हवी.

वॉरंटीच्या कागदावर 'दुसऱ्या दिवशी इंजिनिअर' लिहिलेलं असतं. तालुक्याचा पिनकोड त्यात बसतो का, हे ऑर्डर घेण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. एक सुटी डिस्क आणि एक पॉवर सप्लाय गिऱ्हाइकाच्याच कपाटात ठेवलेला बरा.

पांढरकवड्याचं काम सरळ होतं: बी-बियाणं आणि खतांचे घाऊक व्यापारी, ऑफिस पक्कं, धूळ कमी. शेजारच्या पतसंस्थेनेही सर्व्हर मागितला. त्यांचं सॉफ्टवेअर क्लाउडवर गेलेलं, म्हणून त्यांना दोन इंटरनेट लाइनी आणि एक चांगला यूपीएस घ्यायला सांगितलं. धंदा गेला, पण खोटं काय विकायचं?

वणीचं वर्कस्टेशन खाणीच्या मोजणीचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं. ड्रोनचे शेकडो फोटो जोडून मातीच्या ढिगाचं माप काढतात. तिथे ६४ जीबी रॅम आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय भागत नाही. कोळशाची धूळ ओलसर झाली की बोर्डावर चिकट बसते, म्हणून पावसाळ्याआधीची सफाई करारातच लिहून घेतली. रात्री वणीत थांबणार असाल तर खोली आधी सांगून ठेवा. लग्नसराईत मिळत नाही.

पैशांचं म्हणाल तर हंगामात शेठजींची सगळी रक्कम कापसात अडकलेली असते. निम्मे ऑर्डरसोबत आणि बाकीचे मशीन चालू झाल्यावर त्याच दिवशी, असं आधीच ठरवा. सूक्ष्म-लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याच्या नियमावर विसंबू नका. तुमची उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) व्यापारी म्हणून असेल तर त्याचा आधार मिळत नाही. २०२१ साली व्यापाऱ्यांना नोंदणी खुली झाली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. देखभालीचं बिल मशीनच्या बिलात मिसळू नका. त्याचा पहिला हप्ता दसऱ्याच्या आधी मागा, दुसरा एप्रिलनंतर.