पन्नाशी सगळ्यांची सारखी नसते

पंचेचाळीस-पन्नासच्या माणसाने जिना चढताना कठडा धरला की लगेच कोणीतरी म्हणतं, जरा वजन कमी कर, हालचाल ठेव, आणि मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाचा दिवस कसा जातो हे कोणी विचारलेलंच नसतं.

तिशीनंतर स्नायू सगळ्यांचेच कमी होतात, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि ताकद तर त्याहून भरभर जाते. पण किती भरभर, ते मात्र कामावर आणि खिशावर बरंच ठरतं. नोकरीतली पायरी तब्येतीवर कशी उठते, ते ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल स्टडी या अभ्यासात दिसलं, तो स्नायूंचा नव्हता, मृत्यूंचा होता. पगार चालू, मोफत सरकारी उपचार, तरी जितकी पोस्ट खालची तितका मृत्यूदर जास्त, आणि हे प्रत्येक पायरीला! सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हिशोबात धरूनही फरक पूर्ण पुसला गेला नाही.

अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची काय गरज, हा गैरसमज तर जायलाच हवा. व्यायामात दमलं की थांबता येतं, मधे विश्रांती मिळते, त्यातच स्नायू भरून येतात. ओझी उचलणाऱ्याला, लाद्या पुसणाऱ्या बाईला, आजारी माणसाला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या आयाला थांबायची सोयच नाही, रोज तीच कंबर आणि तेच गुडघे. मग गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांडीचे स्नायू बारीक, आणि ते बारीक झाले की सगळा भार परत गुडघ्यावरच. पगारी रजा असेल तो दुखायला लागल्या लागल्या फिजिओकडे जातो, रोजावरचा माणूस गुडघा सुजेपर्यंत जातच नाही कारण गेला तर त्या दिवसाचे पैसे बुडाले.

डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगतं, बरोबरच आहे ते, पण दोन शिफ्ट करणाऱ्याने तेवढा वेळ आणायचा कुठून? आणि स्नायू तर नव्वदीतही सुधारतात, १९९० मध्ये नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या माणसांनी ८ आठवडे वजनं उचलून ते दाखवलंय, म्हणजे पन्नाशीत आशा सोडायचं काहीच कारण नाही.

म्हणून माझं म्हणणं, कामाच्या ठिकाणी चेकअप होतो त्यात शुगर-बीपीबरोबर खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं तेही बघा, त्यावरून पायांची ताकद कळते, आणि ज्याला जमत नाही त्याला ड्युटीच्या वेळेतच, पगार न कापता, व्यायाम शिकवा.